हासऱ्या तोंडाचा राग

धाडच्या बाजारावरून परतणारी मोटार त्या दिवशी देऊळघाटला थांबली, पण मनकर्णा उतरली नाही.

हस्त नक्षत्राचा, हत्तीचा पाऊस लागला होता. मोटारीच्या टपावर कुणी पोत्यांनी ज्वारी ओतावी तसा तो कोसळत होता. आत ओल्या धोतरांचा, बिडीचा आणि उरलेल्या भाजीचा वास कोंदला होता. मनकर्णा एरवी नेहमी डावीकडची खिडकी धरायची. त्या दिवशी तिथे एक म्हातारी आधीच बसली होती, म्हणून ती उजवीकडच्या खिडकीशी बसली आणि काचेवरून ओघळणारं पाणी पाहत राहिली. बाहेर बाभळी धुरकट होत मागे पळत होत्या. गाव आलं, गाव गेलं. गावापुढचा नाल्यावरचा पूल दिसला, तेव्हा ती दचकून उठली.

"थांबवा! ओ कंडक्टर, थांबवा मोटार!"

तिचा आवाज एवढा मोठा निघाला, की ड्रायव्हरनं जागच्या जागी ब्रेक दाबला. माणसं एकमेकांवर आपटली.

कंडक्टर दांडीला धरून पुढे आला. उंच, सडपातळ, खाकी शर्ट अंगाला चिकटलेला. "बाई, किती आवाज देले तुमाले! देऊळघाट, देऊळघाट म्हनून कोकलून राह्यलो. तुमी मान बी वळवली नाही."

आणि तो हासला. वरच्या ओठाचा एक कोपरा वर गेलेला, आतला दात चमकत होता.

मनकर्णाच्या कानशिलांत रक्त चढलं. "अन् वरून हासता?"

"मी हासत नाही, बाई."

"दात तं बाहेर हायेत तुमचे!"

मोटारभर हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "कडूबा माळ्याची पोरगी हाय ते. लय शिष्ट. रस्त्यानं हाक मारा, पाहत बी नाही."

टोपल्यात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी उरली होती. तिनं ती ओलीगच्च जुडी उचलली आणि सरळ कंडक्टरच्या छातीवर फेकली. मग टोपलं काखेत मारून ती चिखलात उतरली. मोटार हलली तेव्हा त्यानं दारातून वाकून काहीतरी म्हटलं. तिला ते ऐकू आलं नाही. तिला फक्त तो दात दिसला.

पावसात ती उलट्या पावली गावाकडे चालत राहिली आणि वाटभर त्याला शिव्या देत राहिली.

खरी गोष्ट एवढीच होती, की मनकर्णाला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. लहानपणी कान फुटला, महिनोन् महिने वाहिला. कुणी लसणाचं तेल घातलं, कुणी आणखी काही; शेवटी वाहणं थांबलं आणि ऐकणंही थांबलं. उजवा कान होता चांगला, पण गर्दीत, पावसात, वाऱ्यात तोही धड साथ देत नसे. तिची आई गीताबाई हिनं तेव्हाच ठरवून टाकलं, की ही गोष्ट घराच्या भिंतीबाहेर जाणार नाही. 'बहिरी' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारायचा नाही, अशी जणू शपथच होती.

मनकर्णा शिकली. गल्लीच्या डाव्या कडेनं चालायचं, म्हणजे माणसं उजवीकडून येतात. विहिरीवर भिंतीला डावी बाजू लावून उभं राहायचं. समोरच्याच्या ओठांवरून नजर हलू द्यायची नाही. एवढं करूनही कुणीतरी डावीकडून हाक मारायचंच, आणि ती तशीच पुढे निघून जायची. मग लोक म्हणत, शिष्ट आहे, तोरा आहे, रूपाचा माज आहे. आपला आवाज किती मोठा लागतो हे तिचं तिलाच कळत नसे, म्हणून भांडकुदळही म्हणत. गावानं तिला एवढी नावं ठेवली होती, त्यातलं एकही तिचं नव्हतं. ती आतल्या आत धुमसायची. धुमसताना कपाळाला आठी पडायची. मग लोक म्हणत, पाहा, म्हटलं नव्हतं?

घरी आली तर दारात भाऊ उभा. तुळशीराम तिच्याहून मोठा, डोक्यानं तापट.

"पुलाकडून काऊन येऊन राह्यली वं? मोटारीनं कुठी उतरवलं तुले?"

मनकर्णानं तोंड उघडलं. चुलीपाशी बसलेल्या आईची नजर तिच्यावर खिळली. ती नजर तिला पाठ होती. ऐकू आलं नाही, हे वाक्य गिळून ती दुसरंच बोलली, "कंडक्टर हासला माह्यावर. साऱ्या मोटारीसमोर."

ती एवढंच बोलली होती. पण शब्दाला पाय फुटतात. हासला याचं तुळशीरामच्या तोंडी 'पाहून हासला' झालं, पारावर जाईपर्यंत 'छेड काढली' झालं, आणि नांदुऱ्याच्या रामरावांच्या कानी गेलं तेव्हा त्या कंडक्टरनं कडूबाच्या पोरीचा हात धरला होता.

हे रामराव म्हणजे भुसार मालाचे व्यापारी. मनकर्णाला त्यांच्या मुलासाठी मागणी होती आणि पाहणं होऊन गेलं होतं. त्या दिवशी गीताबाईनं पाहुण्यांची सतरंजी अशी घातली, की सगळे पोरीच्या उजव्या अंगाला बसतील. पण मान खाली घालून बसायचं होतं. ओठ दिसत नव्हते. मनकर्णा दोन प्रश्नांना उत्तर देई, तिसरा हुके. रामराव खूश झाले. "पोरगी लय शांत. वळण पाहा, मान वर केली नाही!" जी गोष्ट मोटारीत माज होती, तीच सतरंजीवर वळण झाली. मनकर्णाला तेव्हा सतरंजी उचलून फेकावीशी वाटली होती.

त्या काळी महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं आणि या रस्त्यावर अजून एका शेठजींच्याच मोटारी धावत. रामरावांची शेठजींशी ओळख. बुलढाण्याला निरोप गेला, आणि पुढच्या बाजाराला मनकर्णा मोटारीत चढली तेव्हा दारात दुसराच कंडक्टर होता. तिला बरं वाटलं. बरी अद्दल घडली मेल्याला!

बाजारात ती वांग्यांचा ढीग लावून बसली. तागडीत वांगी टाकत असताना डाव्या बाजूनं कुणी बराच वेळ उभं होतं, बोलत होतं; तिला पत्ता नाही. मग एक सावली समोर आली.

"आज बी ऐकू आलं नाही काय, बाई?"

तिनं वर पाहिलं. तोच ओठ, तोच दात. याला कळलं की काय? आणि भीती लपवायला तिच्याजवळ रागाशिवाय काही नव्हतं.

"आता बाजारात बी हासाले आले? मोटार सोडून?"

"मोटारच मले सोडून गेली. तुमच्या भावानं सांगतलं, मी तुमची छेड काढली. मॅनेजरनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हने, दिसतोयसच तसा."

"मी तसं म्हनलं नाही."

"मंग काय म्हनलं?"

"हासले म्हनलं. ते तं खरं हाय. आता बी हासून राह्यले!"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. बोट ओठावर ठेवलं. "हे पाहा. नीट पाहा... लोक पाहत नाहीत, तुमी तरी पाहा."

नाकाखालून ओठापर्यंत एक जुना वण उतरला होता. तिथली कातडी आखडून ओठ वर ओढला गेला होता.

"लहान होतो, गोऱ्ह्यानं शिंग मारलं. ओठ फाटला, जसा शिवता आला तसा शिवला. शाळेत मास्तर छडी मारे, मी रडे. त्याईले वाटे, हासून राह्यला. मंग अजून मारे. माहा बाप गेला, मी खांदा देल्ला... लोक म्हनत, पाहा बे, पोट्टं हासून राह्यलं."

मनकर्णाच्या हातातली तागडी खाली आली. तिनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे हासत नव्हते. त्या दिवशी मोटारीतही हासत नसणार. जन्मभर लोकांचे ओठ वाचत आलेल्या आपण, आणि एका ओठानं एवढं फसावं? तिला राग आला — या खेपेला स्वतःचा.

"तवाच सांगाचं नाही काय?"

"सांगतलं ना. मी हासत नाही म्हनलं. कोन ऐकते?"

ते 'कोन ऐकते' तिला जाऊन लागलं.

"आता तुमी सांगा," तो म्हणाला, "मान काऊन वळवली नाही? तेव्हापासून हाच इचार करून राह्यलो मी. असा काय गुन्हा केला, का बाईनं पाहू बी नये?"

"वांगे घ्याचे हायेत का नाही?"

"घेतो. पन उत्तर?"

"उत्तर इकाले ठेवलं नाही."

तो हासला. खरं हासला — दुसरा कोपरा वर गेला, डोळे बारीक झाले, गालाला खळी पडता पडता राहिली. मनकर्णा पाहतच राहिली. म्हणजे हे असं असतं तर!

"नाव काय तुमचं?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच लाज वाटली.

"पंजाब. नावानं बी लोकाईले मी भांडखोर वाटतो."

त्यानंतर दर बाजाराला त्याला वांगी लागू लागली. त्याची आई एकटी, घरची वाडी धाडच्या शिवारात. त्याच्या वाडीत वांगी नव्हती अशातला भाग नाही. मनकर्णानं ते एकदा बोलूनही दाखवलं.

"आमच्या वांग्याईत बोलनं लागत नाही," तो म्हणाला.

"मंग माह्याशी बोलाले पैसे देता काय?"

"तुमी फुकट बोलान तं वांगे घेनं बंद करतो."

बोलता बोलता तो अडखळला. "एक इचारू? लोक माह्या ओठाकडं पाहतात अन् लगेच नजर फिरवतात. तुमी तं हटवतच नाही नजर... मले लाज वाटते, बाप्पा."

मनकर्णा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. का पाहते, हे सांगता येत नव्हतं. आणि आता तर पाहण्याचं तेवढं एकच कारण उरलं नव्हतं.

मग एका बाजाराला ती रिकामं टोपलं घेऊन मोटारीकडे निघाली असता डावीकडून कापसानं भरलेली बैलगाडी उताराला लागली. बैल बिथरले होते. गाडीवान ओरडत होता, माणसं ओरडत होती, बाया ओरडत होत्या. मनकर्णा शांतपणे चालली होती. पंजाबनं धावत येऊन तिचा दंड धरला आणि तिला ओढलं. चाक तिच्या पदराला घासून गेलं. दोघंही धापा टाकत उभी राहिली. त्यानं तिच्या डाव्या कानाकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे. तिनं नजर चोरली.

तो वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला आणि मोटारीपर्यंत तिथूनच चालला. पुढच्या बाजाराला आला तोही उजवीकडूनच.

"इकडून काऊन येता आताशा?" तिनं विचारलं.

"इकडं सावली हाय."

बाजार भर उन्हात होता. सावलीचा तिथे मागमूस नव्हता.

त्या संध्याकाळी ती आईपुढे उभी राहिली. "माय, त्या मानसाचं काम गेलं माह्यापायी. मी सांगनार हाय, मले ऐकू आलं नव्हतं."

गीताबाईनं तिचं मनगट धरलं. "जीभ हासडीन. शिष्ट म्हनतात तं म्हनू दे. शिष्ट पोरीचं लगन होते वं. बहिऱ्या पोरीचं होत नाही."

"अन् त्याच्या आईच्या चुलीचं?"

"लोकाची चूल पाहाले आपुन बसलो नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "मले काय हौस हाय काय, मनू?"

आईच्या रडण्यापुढे मनकर्णाचा राग नेहमी हरायचा. त्या दिवशीही हरला. पण विझला नाही.

पंजाबनं मात्र बुलढाण्याला हेलपाटे घातले होते. मॅनेजर कंटाळून म्हणाले, मुलीला समोर आणा, तिनं सांगितलं की कायमचा निकाल लावतो. तुळशीरामनं बहिणीला बजावलं, "तू काहीच बोलू नको. मी इचारीन, तू मान हालव." आणि होणाऱ्या सुनेच्या अब्रूचा प्रश्न म्हणून रामरावही कोसा रेशमाचा फेटा बांधून आले.

मोटार स्टँडच्या मागे मॅनेजरची खोली होती. मॅनेजर पुण्याकडचे, वऱ्हाडी बोलणं ऐकलं की त्यांची भुवई आपोआप वर जाई. टेबलापलीकडे ते, बाजूला खुर्चीवर रामराव, भिंतीशी कडूबा टोपी हातात घेऊन. दाराशी पंजाब. त्यानं एकदाच मनकर्णाकडे पाहिलं.

"बोल रे," मॅनेजर म्हणाले. "तुझं म्हणणं काय?"

"साहेब, मी आवाज देले. गाव आलं तवा देले, गाव गेलं तवा देले. तेवढंच. मी हासलो नाही, हात लावला नाही."

"मग ती उतरली का नाही?"

आता तो सांगणार, मनकर्णाला वाटलं. याला माहीत आहे. एक वाक्य बोलला की सुटला. तिनं डोळे मिटले नाहीत; त्याच्या ओठांवर नजर रोवली.

पंजाबनं खाली पाहिलं. "पाऊस होता, साहेब. ऐकले नसतील बाईनं."

"नसतील ऐकले म्हणजे? एवढ्या जवळून?" मॅनेजर हासले. "मुलगी काय बहिरी आहे?"

रामराव खो खो हासले. तुळशीरामनंही कसनुसं हासून घेतलं. पंजाब हासत नव्हता, आणि तोच सगळ्यांना हासताना दिसत होता.

"हाव," मनकर्णा म्हणाली.

"काय?"

"हाव, बहिरी हाय. डाव्या कानानं मले काई ऐकू येत नाही. लहानपनापासून." तिचा आवाज खोलीबाहेर स्टँडवर पोचला. "तो डावीकडून बोलत होता. त्यानं आवाज देले असतीन. त्यानं छेड काढली नाही, हात लावला नाही. हे सारं माह्या घरच्याईनं वाढवलं, अन् मी चूप बसली."

"मने!" तुळशीराम ओरडला.

मॅनेजरनी चष्मा पुसला. "छे. काहीतरीच! इतकी चांगली मुलगी, बहिरी कशी असेल? हे या पोराचं शिकवणं आहे. तोंडावरूनच कळतं."

"मंग पाहूनच घेऊ," रामराव उठले. "पोरी, भिंतीकडं तोंड कर. मी मागून बोलतो."

"नाही!" पंजाब दारातून पुढे आला. "बैलाचा बाजार हाय काय हा, दात पाहाले? तिनं सांगतलं ते पुरे नाही काय? नसन पुरे तं लिहून घ्या, मीच छेड काढली. पन तिले भिंतीकडं उभं नाही कराचं."

"पाहा! पाहा, आत्ताही हसतोय!" मॅनेजरनी टेबलावर हात आपटला.

मनकर्णानं पाहिलं. पंजाबच्या कपाळाची शीर तटतटली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, मुठी आवळलेल्या होत्या. आणि ओठ, तो करंटा ओठ, वर उचललेला.

"हासत नाही तो!" ती कडाडली. "तुमाले डोये हायेत का नाही? त्याचे डोये पाहा, हात पाहा! एवढा शिकलेला मानूस तुमी, अन् ओठापलीकडं पाहता येत नाही?" मग ती पंजाबकडे वळली. "अन् तुमी! माह्यापायी खोटं लिहून देनारे तुमी कोन? मी मांगतले काय उपकार? माहा कान हाय, मी सांगीन!"

ती रामरावांच्या खुर्चीकडे वळली.

"अन् तुमी, रामराव काका. पोरगी लय शांत म्हनलं होतं ना? ते शांत नव्हतं. तुमचा प्रश्न ऐकू आला नव्हता."

रामरावांचा चेहरा काळा-निळा पडला. "कडूबा, फसवत होते तुमी आमाले." फेटा सावरत ते निघून गेले. कडूबा पोरीजवळ आला आणि तिच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला, बस.

मॅनेजरना आता प्रकरण संपवायचं होतं. तक्रार मिटली, म्हणाले. पण या तोंडानं उतारूंसमोर नको. शेठजींच्या मालट्रकवर जा, नांदुऱ्याला कापसाच्या गाठी पोचव, तिथं कुणी तोंड पाहत नाही. एवढं सगळं होऊनही त्यांना दिसला तो ओठच.

बाहेर उन्हात तुळशीराम पुढे पुढे चालत होता, कडूबा मागे. पंजाब क्षणभर मनकर्णाच्या उजव्या बाजूला आला.

"तुमी सांगाचं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "आता लोक..."

"अन् तुमी सांगाचं होतं," ती फणकारली. "चूप राहून मले लाजवलं."

ती चालू लागली. पण घरापर्यंत तिच्या दंडावर जणू त्या दिवशीची ती पकड जाणवत राहिली.

गावात व्हायचं ते झालं. जे काल शिष्ट म्हणत, ते आज तिच्यासमोर हातवारे करून, ओरडून बोलू लागले, जशी ती अक्कलही गमावून बसली होती. बाया 'बिचारी' म्हणत. मनकर्णाला 'शिष्ट' परवडलं असतं. 'बिचारी'नं तिच्या अंगाचा तिळपापड होई. गीताबाईनं अंथरूण धरलं, तुळशीराम बोलेना. फक्त कडूबा रोज वाडीत तिच्याबरोबर पाणी धरी आणि उजवीकडून साधं, हळू बोले. एके दिवशी म्हणाला, "लपवलं ते बरं नाही केलं, बाई." त्या दिवशी मनकर्णा पोटभर जेवली.

तुरी फुलोऱ्यावर आल्या, थंडी पडली, आणि एका सकाळी पंजाब आपल्या आईला घेऊन दारात उभा राहिला. मंजुळाबाई ठेंगणी, खणखणीत बाई. आल्या आल्या म्हणाली, "मी काई आडवळन घेत नाही. तुमची पोरगी माह्या पोराले मांगाले आली मी."

कडूबानं सतरंजी घातली. गीताबाई अंथरुणातून उठली, पाहुणीला पाणी दिलं आणि मनकर्णाला आत ओढून उजव्या कानाशी कुजबुजली, "मानूस वाईट नाही. आपल्यातलाच हाय. पन ते तोंड, मनू... मांडवात लोक काय म्हनतीन? कोनाच्या मयतीले गेला तं?"

मनकर्णानं आईकडे पाहिलं. या वेळी आईच्या डोळ्यांत पाणी होतं तरी तिचा राग हरला नाही.

"मले लोक शिष्ट म्हनत, तवा तू रडे. म्हने, माह्या पोरीले कोनी वळखत नाही. आता तू काय करून राह्यली, माय?"

गीताबाईचा हात सुटला.

पंजाब बाहेर वाडीच्या बांधावर, वांग्यांच्या वाफ्यापाशी उभा होता. मनकर्णा गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"काय म्हनते माय?"

"तोंड."

"हं." त्यानं वांग्याचं एक किडकं पान खुडलं, बोटांत चुरगाळलं.

"तुमाले राग येत नाही काय हो? एवढं सारं होते, अन् तुमी..."

"येते." तो थांबला. "लय येते. मॅनेजरचा आला. रामरावचा आला. गाठी उतरवतानी रोज येते... तुह्या मायचा आता आला. पन माह्या रागाले कोनी भेत नाही, मनकर्णा. दिसतच नाही तो कोनाले."

तो 'तुह्या' म्हणाला, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"मले दिसते," ती म्हणाली.

वाऱ्यानं तुरीची फुलं हलली. पंजाब तिच्याकडे बघत राहिला.

"कुठी दिसते?"

तिनं बोट उचललं, त्याच्या कपाळापर्यंत नेलं, टेकवलं नाही. "इथची शीर उडते. अन् डोयाखाली लाल होते. मोटारीत पाह्यलं असतं तं तवाच दिसलं असतं. मी बी ओठच पाह्यला."

"अन् आता?" त्याचा आवाज एवढा हळू होता, की तो तिला ओठांवरूनच कळला. "आता काय दिसून राह्यलं?"

ती पाहत राहिली. शीर शांत होती. राग कुठे नव्हता. जे होतं ते एवढं उघड होतं, की आयुष्यात पहिल्यांदा मनकर्णानं समोरच्याच्या ओठांवरून नजर काढून घेतली आणि मातीकडे वळवली.

"सांगत नाही," ती म्हणाली.

मग ती वळली आणि तरातरा घराकडे निघाली. आवाज किती मोठा लागतो याचा हिशेब तिनं त्या दिवशी केला नाही. अर्ध्या देऊळघाटनं तो ऐकला.

"माय, गूळ काढ वं! पाव्हना जाऊन राह्यला नाही कोठी. मी हाव म्हनलं हाय!"